प्रेमाने हक्क उत्पन्न होतो काय?

एखाद्या गाण्यावर आपले मनापासून प्रेम आहे, एवढ्या एका गोष्टीवरून त्या गाण्यावर आपला काही हक्क उत्पन्न होतो काय? प्रश्न वरवर पाहता बालिश वाटेल. शेजाऱ्याच्या अंगणातील पारिजातकावर आमचे कितीही प्रेम असले तरी झाड शेजाऱ्याचेच राहते, हे कोणासही कळते. परंतु फुले पहाटे कुंपणाच्या अलीकडे पडतात, आणि ती वेचून आम्ही आमच्या देवाला वाहिली तर आम्ही चोरी केली असे शेजारीही म्हणत नाही. सत्यभामेच्या दारीचे झाड आणि रुक्मिणीच्या अंगणी पडणारी फुले ही कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. तेव्हा गाणे हे झाड समजावयाचे की फूल, असा हा प्रश्न आहे. आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

तो आज विचारावासा वाटण्याचे कारण असे की, आपल्या घरांतील तरुण मुलेमुली अलीकडे एका उद्योगात रमलेली दिसतात. आवडत्या रॉक बँडचे एखादे गाणे घ्यावयाचे, त्यावर आपल्या मनाने चित्रे जुळवावयाची, कधी स्वतः टिपलेली, कधी एखाद्या चित्रपटातून कापून घेतलेली, कधी हाताने रेखाटलेली, आणि अशी सिद्ध झालेली चित्रफीत जगापुढे ठेवावयाची. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नसते आणि त्याचे दामही कोणी देणार नसते. दर तीनचार वर्षांनी बदलीच्या गावी नवी शाळा, नवी बोली आणि नवे सोबती पत्करावे लागणाऱ्या आपल्या मुलांना असे एखादे गाणे किती जवळचे होते, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. भोपाळ सोडून गुवाहाटीस गेले तरी गाणे तेच राहते, आणि नव्या वर्गातील पहिला मित्र बहुधा त्याच गाण्यामुळे मिळतो.

वडीलधाऱ्यांस हा वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही. चार मिनिटांच्या गाण्यासाठी ही मुले आठवडेच्या आठवडे खर्च करतात. ढोल नेमका कोठे पडतो, गिटार कोणत्या क्षणी गप्प होते, गायक कोणत्या शब्दाआधी श्वास घेतो, दुसऱ्या कडव्यात पहिल्याहून वेगळे काय आहे, हे सारे शंभरदा ऐकल्यावाचून चित्राची एक कड दुसऱ्या कडेला जुळत नाही. सेकंदाला चोवीस-पंचवीस चित्रे असतात. त्यांतील दोनतीन इकडची तिकडे झाली तरी ठोका चुकल्याचे डोळ्यांना जाणवते. इतक्या बारकाईने एखाद्या कवितेचे वाचन आपल्या वर्गांतून किती विद्यार्थी करीत असतील, याचा हिशोब न केलेलाच बरा. शिवाय हा उद्योग आजचाही नव्हे. अमेरिकेत १९७५ साली कँडी फाँग या रसिक बाईंनी ‘स्टार ट्रेक’ या दूरदर्शन-मालिकेतील पारदर्शिका एका गाण्यावर जुळवून चाहत्यांच्या मेळाव्यात दाखविल्या, त्या काळी घरोघर संगणक नव्हते. साधने बदलली; गाणे ऐकता ऐकता डोळ्यांपुढे जे उभे राहते ते दुसऱ्याला दाखवावे, ही ओढ तीच राहिली.

आता एका गाण्याची हकीकत सांगतो. व्हर्सायहून आलेल्या ‘फिनिक्स’ नावाच्या फ्रेंच रॉक बँडने २००९ साली एक गाणे प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘लिस्टोमेनिया’. हा शब्द मूळचा हाइनरिख हाइने या जर्मन कवीचा. फ्रांझ लिस्ट या पियानोवादकापायी पॅरिस-बर्लिनच्या श्रोत्यांना जे वेड लागले होते, त्याला १८४४ साली हाइनेने हे थट्टेचे नाव दिले. लिस्टचे हातमोजे आणि रुमाल मिळविण्यासाठी स्त्रिया झोंबत, त्याच्या पियानोची तुटलेली तार कंकणासारखी मनगटावर मिरवीत, असे सांगतात. म्हणजे गाण्याचे नावच मुळी चाहत्यांच्या वेडाचे! आणि झाले ते नावाला साजेसेच. कोणा एका चाहत्याने १९८०च्या दशकातील तरुणांच्या अमेरिकन चित्रपटांतून, ‘द ब्रेकफास्ट क्लब’ वगैरेंमधून, नाचाचे तुकडे वेचले आणि ते या गाण्यावर बसविले. ते पाहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील काही मित्रमैत्रिणींनी एका गच्चीवर चढून तेच नाच स्वतः केले आणि त्याची चित्रफीत काढली. ती पाहून सान फ्रान्सिस्कोच्या मंडळींनी आपल्या गावी तसेच केले. मग आणखी गावे, आणखी देश. प्रत्येक चित्रफितीत गाणे तेच, नाच तेच, पण गच्ची वेगळी, आकाश वेगळे, माणसे वेगळी. भारुड गावोगाव फिरावे आणि प्रत्येक गावाने त्यात आपला जोशी, आपला वासुदेव उभा करावा, त्यातलाच हा प्रकार.

लॉरेन्स लेसिग या कायद्याच्या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१० साली सोल येथे एक व्याख्यान दिले आणि त्यात संस्कृती लोकांच्या हातून कशी पुढे जाते याचा दाखला म्हणून या चित्रफितींचे काही तुकडे दाखविले. २०१३ साली ते व्याख्यान त्यांनी यूट्यूबवर ठेवले, तेव्हा त्या गाण्याचे हक्क बाळगणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कंपनीने ते काढावयास लावले. लेसिगांनी उलट दावा लावला. २०१४ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. कंपनीने नुकसानभरपाई दिली आणि आपली कार्यपद्धती बदलण्याचे मान्य केले. पुढे खुद्द बँडनेही आपल्या संगीताच्या अशा उचित वापरास आपला पाठिंबा असल्याचे जाहीर केले. ज्यांनी गाणे रचले ते प्रसन्न होते आणि ज्यांनी त्याचा करारनामा विकत घेतला ते रागावले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मालकी आणि जन्मदातृत्व या दोन गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरून जो वाद घालतो, त्याची वाट येथेच चुकते.

कायद्याने हा भेद ओळखला आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्याच्या ५२ व्या कलमात खाजगी उपयोग, टीका, समीक्षण अशा काही कारणांसाठी उचित व्यवहाराची मुभा आहे. जगापुढे ठेवलेली चित्रफीत खाजगी उपयोगात बसविणे मात्र कठीणच. परंतु आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते ५७ वे कलम. ग्रंथकाराने वा कलावंताने आपले सर्व हक्क विकून टाकले असले, तरीही ती कृती आपली आहे असे म्हणण्याचा आणि आपल्या लौकिकास बाध येईल असे तिचे विद्रूपीकरण थांबविण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो, असे हे कलम सांगते. दिल्लीस असलेल्या वाचकांना याचा एक दाखला घरचाच वाटेल. विज्ञान भवनासाठी सरकारने १९५७ साली शिल्पकार अमरनाथ सेहगल यांजकडून एक प्रचंड ब्राँझचे भित्तिशिल्प करवून घेतले. ते १९६२ मध्ये पुरे झाले. १९७९ साली इमारतीच्या दुरुस्तीत ते उखडून कोठारात टाकण्यात आले, त्यात त्याची मोडतोड झाली. सेहगलांनी १९९२ साली दावा लावला. २००५ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन शिल्पाचे अवशेष त्यांना परत करविले आणि पाच लाख रुपये भरपाई देवविली. सरकारने दाम मोजला होता, भिंत सरकारची होती, उखडणारे मजूरही सरकारी ठेक्यावरचे असतील. तरी शिल्पाचा बाप कोण हा प्रश्न दामाने मिटला नव्हता.

येथे एक चतुर वाचक म्हणेल की, तर मग चाहत्याचा पक्ष उलट अधिकच लंगडा झाला. कंपनीला नाही म्हणता येते, पण जन्मदात्याला काय सांगणार? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्हांला एकलव्याची आठवण होते. द्रोणाचार्यांनी शिष्य म्हणून नाकारल्यावर त्याने रानात त्यांची मातीची मूर्ती केली. मूर्ती करण्यास त्याने गुरूंची अनुमती घेतली नव्हती. तीवर त्याचा भाव होता. त्या भावाच्या बळावर त्याने जी विद्या कमावली ती द्रोणांच्या आश्रमातून त्याला कोणी दिलेली नव्हती, आणि तरी ती आपण द्रोणांपासून शिकलो असे तो प्रांजळपणे सांगत होता. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण असे भरलेले पाहून पांडव चकित झाले, तेव्हा त्याने आपले नाव सांगितले आणि गुरूचेही सांगितले. नाव लपविले असते तर कदाचित अंगठा वाचला असता.

या कथेचा न्याय करताना लोक बहुधा एकाच पारड्यात सारे घालतात. कोणी म्हणतो, द्रोणांनी मागितले ते शास्त्रसंमतच होते, कारण विद्या त्यांच्या नावाने मिळविली होती. कोणी म्हणतो, एकलव्याने मूर्खपणा केला, देऊ नये होते. आमच्या मते मागणे हे द्रोणांचे लहानपण होते आणि देणे हे एकलव्याचे मोठेपण होते. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. चाहत्याचेही तसेच आहे. ज्या गायकाने गाणे रचले, त्याने स्वतः जर सांगितले की, बाबा रे, ही तुझी चित्रे माझ्या गाण्याबरोबर नकोत, तर ती चित्रफीत उतरविणे हेच त्या प्रेमाला शोभेल, कायदा काहीही म्हणो. गाण्याहून आपली कारागिरी अधिक प्रिय झाली की, तेथे प्रेम संपून दुसरेच काही सुरू झालेले असते. परंतु मागणारा द्रोण असावा लागतो. यंत्राकरवी पत्र पाठविणारी कंपनी ही कोणाची गुरू नव्हे, आणि तिने अंगठा मागण्यात गुरुदक्षिणेचा प्रश्नच येत नाही. तेथे उत्तर कायद्याचेच द्यावे. पेनसिल्व्हेनियातील एका आईने २००७ साली प्रिन्स या गायकाच्या गाण्यावर नाचणाऱ्या आपल्या तान्ह्याची २९ सेकंदांची चित्रफीत प्रसिद्ध केली, आणि एका बड्या कंपनीने तीही काढावयास लावली. माता कोर्टात गेली. असे पत्र धाडण्यापूर्वी हा वापर उचित आहे की नाही याचा विचार मालकाने केला पाहिजे, असे तेथील अपील न्यायालयाने २०१५ साली ठरविले. २९ सेकंदांसाठी आठ वर्षे! आपल्याकडील दिरंगाईस नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा टिपून ठेवावा.

मालकाच्या हक्काहून आम्हांला अधिक बोचणारी शंका निराळी आहे, आणि तिचा उल्लेख या वादात क्वचितच होतो. चित्र जोडल्याने गाण्याचे काही बिघडते काय? आनंदवर्धनाने नवव्या शतकात सांगून ठेवले आहे की, काव्याचा आत्मा वाच्यार्थात नसून ध्वनीत असतो. न सांगितलेले ऐकणाऱ्याच्या मनात उमटते. गाण्याचे तर विशेषच. ‘पाऊस’ हा शब्द ऐकून कोकणातल्या माणसाच्या मनात एक पाऊस पडतो आणि जैसलमेरला नेमणूक झालेल्याच्या मनात दुसरा. त्यावर कोणी एक विशिष्ट पावसाचे चित्र चिकटविले की, ते पाहणाऱ्याच्या मनात पुढे तोच पाऊस पडत राहतो. ज्याने आपल्या प्रेमापोटी चित्रफीत केली, त्याने नकळत इतर हजारोंच्या कल्पनेवर आपली मुद्रा उठविली. हा अन्याय मालकावर नाही, आपल्यासारख्याच दुसऱ्या रसिकावर आहे. आणि त्या रसिकाला दाद मागण्यास कोठलेही कोर्ट नाही.

या शंकेचे पूर्ण निरसन होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्या परंपरेने तिच्याशी कसा व्यवहार केला हे पाहण्याजोगे आहे. कीर्तनकार तुकोबांचा एक अभंग घेतो आणि पूर्वरंग-उत्तररंगात त्यावर आपल्या मनाने आख्यान रचतो. उद्या दुसरा हरदास त्याच अभंगावर वेगळे आख्यान लावील. दोन्ही ऐकणाऱ्यास ठाऊक असते की अभंग तुकोबांचा आणि आख्यान बुवांचे. अभंग त्यामुळे बांधला जात नाही, कारण आख्याने पुष्कळ आहेत. तेच संगीत नाटकाचे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून कानडी, हिंदुस्थानी, गुजराथी अशा कितीतरी ठिकाणच्या चाली मराठी पदांनी उचलल्या. पण छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश केलेला असे. उसने घेतल्याची पावती तेथेच फाडलेली. या उलट परंपरा सालोमालोंची गोष्ट सांगते. त्यांनी तुकोबांचे अभंग घेतले आणि तुकोबांचे नाव काढून तेथे आपले घातले. तुकोबांची तक्रार अभंग गायिल्याची नव्हती. गायिले जावेत म्हणूनच ते रचले होते.

तेव्हा आमचे मत असे आहे. चाहत्याची चित्रफीत हे गाण्याचे एक आख्यान आहे. ते आख्यान म्हणून ओळखू येते तोवर गाण्याची हानी नाही, आणि दुसऱ्या श्रोत्याचीही फारशी नाही. जेथे ते गाण्याचे स्वतःचे बोलणे असल्याचा आव आणते तेथे दोष सुरू होतो. लिस्टोमेनियाच्या त्या चित्रफितींत हा दोष नाही याचे कारण त्या पुष्कळ आहेत. एक गच्ची दुसऱ्या गच्चीला खोटे पाडीत नाही. काही बँडांनी तर हे ओळखून आपणहोऊन हात पुढे केला. ‘ग्रेटफुल डेड’ने १९८४ पासून आपल्या मैफलींत ध्वनिमुद्रण करणाऱ्या रसिकांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. २००९ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे ‘रेडिओहेड’ची मैफल झाली, ती अनेक चाहत्यांनी आपापल्या छोट्या कॅमेऱ्यांनी वेगवेगळ्या कोनांतून टिपली; हे कळल्यावर बँडने आपले मूळ ध्वनिमुद्रण त्यांस दिले, आणि पुढील वर्षी ती एकत्र जुळविलेली चित्रफीत विनामूल्य प्रसिद्ध झाली. येथे द्रोणांनी एकलव्यास भाता भरून दिला.

फळाचा प्रश्न राहिला. तो थोडक्यात आटपतो. यूट्यूबने २००७ पासून अशी यंत्रणा चालविली आहे की, एखाद्या चित्रफितीत आपले गाणे सापडल्यास मालक ती बंद करू शकतो, अथवा ती तशीच चालू देऊन तिच्यावरील जाहिरातींचे उत्पन्न स्वतः घेऊ शकतो. म्हणजे रात्री जागविल्या मुलाने आणि पैसे गेले कंपनीस. मसुदा आपण करावा आणि खाली सही दुसऱ्याची असावी, या व्यवस्थेत ज्यांची हयात गेली त्या आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. गीतेने आपला अधिकार कर्मावर सांगितला आहे, फळावर नाही, हे खरे. परंतु ते फळ तिसऱ्याने टोपलीत भरून न्यावे असेही गीतेत कोठे म्हटलेले आम्हांस आढळले नाही. तरीही या बाबतीत आम्ही फार तक्रार करणार नाही. चाहत्याने दामासाठी केलेच नव्हते, मग दाम गेला म्हणून त्याचे काय गेले? आमचा आग्रह एवढाच की, जी कंपनी त्या चित्रफितीचे उत्पन्न घेते तिने त्याच मुलास चोर म्हणू नये. उत्पन्न घेणे ही एक प्रकारची संमतीच झाली.

इथवर आम्ही असे धरून चाललो की, गाण्याचा जन्मदाता कोण हे ठाऊक आहे. ते नेहमीच ठाऊक असते असे नाही, आणि आपल्या देशात तर क्वचितच. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडचे उदाहरण घ्या. करोलबागेतील ज्या घरी त्यांच्या तालमी चालत त्याच्या पत्त्याचे नाव दिलेला ‘१६/३३० खजूर रोड’ हा संग्रह त्यांनी २०१० पासून दर महिन्यास एक गाणे या क्रमाने आपल्या संकेतस्थळावरून फुकट वाटला. तेव्हा रसिकांविषयी त्यांचे मन कोते नाही हे उघड आहे. त्यांच्या २००० सालच्या ‘कंदिसा’ या संग्रहाचे शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्राचीन प्रार्थनेवर उभे आहे. त्याच संग्रहात ‘मा रेवा’ हे गाणे आहे. ते नर्मदेच्या खोऱ्यातले; बँडमधील राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत असताना ते त्यांच्या कानी आले आणि पुढे बँडचे झाले. म्हणजे बँड हाच येथे पहिला चाहता. त्याने खोऱ्याच्या गाण्यावर गिटार आणि तबला जोडला, जसा आजचा मुलगा बँडच्या गाण्यावर चित्रे जोडतो.

आता अशी कल्पना करा की, एका मुलाने ‘मा रेवा’वर चित्रफीत करावयास घेतली. परिक्रमेची, घाटांची, दिवे सोडण्याची चित्रे लावली तर ती सुंदर होईल आणि कोणी हरकत घेणार नाही. पण त्याच सुरांवर त्याने धरणाची भिंत, सुटलेले पाणी आणि विजेचे मनोरे लावले तर? खोऱ्याबाहेरच्या शेतकऱ्यास ती नदीची स्तुतीच वाटेल. कच्छकडे पाणी पोचलेले पाहणाऱ्यास ती असत्य वाटणार नाही. ज्यांच्या तोंडून गाणे प्रथम आले त्यांना मात्र ती विटंबना वाटेल. ५७ व्या कलमाचा आधार येथे कोणी घ्यावा? बँडने विरोध केला तर तो जन्मदात्याचा विरोध समजावा की आधीच्या एका रसिकाचा? आम्हांला वाटते, दुसऱ्या रसिकाचा म्हणून तो आदराने ऐकावा, पण अखेरचा शब्द त्याचाही नव्हे. मुलाने विचारावयाचे ते नदीकाठच्यांस.

आणि ते आता नदीकाठी आहेतच असे नाही. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस भरले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारख्या गावांची जमीन त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेली होती; तेथील माणसे वसाहतींतून विखुरली. चित्रफितीच्या शेवटी ऋणनिर्देशाची पाटी असते. तीवर बँडचे नाव येईल, कंपनीचे येईल, चित्रे कोठून घेतली ते येईल. किर्लोस्करांच्या पुस्तकात जेथे ‘चाल’ हा शब्द छापलेला असे, त्या जागी या मुलाने कोणाचे नाव लिहावे?